साच्यातला मावळा आणि पडद्यावरचं पात्र



आजचा विषय तसा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, पिंपळे सौदागर या पट्ट्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या फोनची गॅलरी उघडली, तर साधारण तीन प्रकारचे फोटो सापडतात. घरचे, मित्रांचे, आणि गेममधल्या आपल्या पात्राचे. या तिसऱ्या प्रकाराकडे घरात कुणी बघत नाही. बघितलंच तर ‘याच्यामुळेच मेमरी फुल होते’ म्हणून उडवायला सांगतात. आज आपण त्याच चित्रांकडे चित्रं म्हणून बघणार आहोत. गेम खेळावा की नाही, किती वेळ खेळावा, हा वाद आज बाजूला ठेवू. त्यावर बोलणारे भरपूर आहेत.

उदाहरणं आपण मुख्यतः एकाच गेममधून घेऊ, म्हणजे बोलणं भरकटणार नाही. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, आणि त्याच्या आधीचा पबजी मोबाइल. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शेवटी एक जण किंवा एक चमू उरतो. एवढं ठाऊक असलं तरी पुरे, ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांनाही पुढचं कळेल.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही जी हजारो चित्रं निघतात, त्यांतली बहुतेक पोशाखाची असतात, थोडीच पात्राची असतात. या दोन्हींतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो. तो ओळखायची सवय नसल्यामुळे चांगली चित्रं काढणाऱ्या मुलांचं नुकसान होतंय, असं आम्हाला वाटतं.

आता थोडं दिवाळीकडे वळू. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगच्या कडेला नाहीतर चाळीच्या अंगणात मुलं किल्ला करतात. दगडविटा, त्यावर पोती, त्यावर कालवलेली माती, हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. मग बाजारातून मावळे येतात. हे मावळे साच्यातले. भोसरीत किंवा चाकणला शॉप फ्लोअरवर काम केलेल्यांना सांगायला नको, एका साच्यातून निघालेले पीस एकसारखेच असतात, तसे असायलाच हवेत. मावळ्याला चेहरा म्हणाल तर दोन डोळे आणि मिशा. मग मुलाची कल्पकता कुठे दिसते? मावळा कुठे ठेवला त्यात. भाला घेतलेला मावळा दरवाजाशी ठेवला की पहारेकरी होतो. तोच बुरुजाच्या टोकाला एकटा ठेवला की त्याला लांबून काहीतरी येताना दिसतंय असं वाटायला लागतं. विहिरीपाशी ठेवला तर तो पाणी प्यायला थांबलाय. मातीचा चेहरा होता तसाच आहे, पण भूमिका तीनदा बदलली. आणि ज्या मुलाने सगळे मावळे एका रांगेत, कवायतीसारखे उभे केले, त्याच्या किल्ल्यापुढे आपण फार वेळ थांबत नाही. ‘छान’ म्हणतो आणि पुढे जातो.

गेममधलं पात्रही साच्यातलंच. खातं उघडताना बाई की पुरुष, चेहरा कुठला, केस कसे, एवढं निवडता येतं आणि ती निवड मोजकीच असते. तुमच्यासारख्याच चेहऱ्याची माणसं त्या बेटावर असंख्य हिंडत असतात. वेगळेपण विकत मिळतं ते पोशाखात. काही पोशाख खेळून मिळतात, पण ज्यांची चर्चा होते ते यूसी नावाच्या आतल्या चलनाने, म्हणजे आपल्या रुपयांनी मिळतात. त्यातलेही भारी पोशाख सरळ विकत मिळत नाहीत. सोडतीसारखं पुन्हा पुन्हा नशीब आजमावावं लागतं.

हे पहिलं चित्र बघा. असं चित्र प्रत्येकाने पाहिलेलं आहे. लॉबीतलं, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी पात्र जिथे उभं राहतं तिथलं. अंगावर गोल्डन फॅरो एक्स-सूट. सोनं, निळे पंख, चेहरा समोर. बाजूला लेव्हल, नाव, यूसीचा आकडा, दुकानाची बटणं. सगळं जसंच्या तसं राहू दिलेलं आहे आणि ते चुकून राहिलेलं नाही. आकडा दिसायलाच हवाय. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफर ‘वहिनी, हात जरा वर, पाटल्या दिसू द्या’ म्हणतो ना, तशातला हा फोटो. शोरूममध्ये नव्या गाडीला हार घालून, पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात धरून काढलेला फोटोही याच घराण्यातला.

आम्ही या फोटोला नावं ठेवत नाही. ज्याने पॉकेटमनी साठवून ती वस्तू मिळवली त्याला ती दाखवावीशी वाटणारच. चावीचा फोटो आपल्यापैकी किती जणांकडे आहे, हात वर करा. बघा. पण त्या फोटोत बघण्यासारखं काय असतं? गाडी. माणूस कुठलाही चालला असता. पहिल्या चित्राचंही तसंच आहे. पोशाख काढून घेतला तर उरतं ते साच्यातलं पात्र, आणि त्याचे हात कमरेवर आहेत कारण कंपनीने ते कमरेवर ठेवलेत.

आता दुसरं चित्र. एरांगेल नावाच्या नकाशावरचं. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद बेट, ओसाड गावं, माणसं सोडून गेलेली घरं. अशाच एका घरात पात्र उभं आहे. पोशाख फुकटातला, साधा शर्ट. खोली अंधारी आहे, दार उघडं आहे, बाहेर शेतावर ऊन पडलंय आणि त्या उजेडाची कडा फक्त खांद्यावर आलीय. बंदूक पाठीवर टाकलेली. ते उंबऱ्याच्या आत थांबलंय, बाहेर पाऊल टाकलेलं नाही.

हे चित्र आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं. थांबण्यासारखं त्यात काय आहे, तर एक प्रश्न आहे: हा आत का थांबलाय? भीती आहे, की साथीदाराची वाट बघतोय, की परक्याच्या घरात आल्याचं त्याला अचानक जाणवलंय? काढणाऱ्याने सांगितलं, की बाहेर खरोखर कुणीतरी टिपायला बसलं होतं. ते कळल्याने चित्र मोठं होत नाही, लहानही होत नाही. उजेडाने आधीच काम केलेलं आहे. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्हाला आठवत असेल. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि बरेच लोक ते हटकून राजा रविवर्म्याच्या नावावर टाकतात. त्यात प्रकाश एकच आहे, बोटांच्या फटींतून झिरपणारा, आणि सगळं चित्र त्याने उभं केलंय. हळदणकरांनी तो उजेड जलरंगांत स्वतः निर्माण केला. आपल्या या मुलाने उजेड निर्माण केलेला नाही, तो त्याला आयता मिळाला. पण कुठे उभं राहिलं की तो खांद्यावर येईल, हे त्याने शोधलं. एवढं श्रेय त्याचं आहे, आणि ते त्याला द्यायला हवं.

आता थोडं तंत्राबद्दल. हे चित्र पाठमोरं आहे, आणि ही आवडीची बाब नाही. खेळताना कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असतो. म्हणजे ज्या पात्रासाठी एवढे पोशाख घेतले, त्याची सबंध खेळात आपल्याला पाठच दिसते. तोंड बघायचं तर पडद्यावर डोळ्याचं एक चिन्ह असतं, त्यावर अंगठा दाबून ओढायचं, मग कॅमेरा पात्राभोवती फिरतो. अंगठा उचलला की झर्रकन पुन्हा पाठीमागे. आता स्क्रीनशॉट काढायला आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकदम दाबा. एक अंगठा डोळ्यावर, उरलेल्या हाताने फोनही धरायचा आणि दोन बटणंही दाबायची. तिसरा हात लागतो. तो शेजारी बसलेल्या मित्राचा असतो. आम्ही असे कित्येक फोटो पाहिलेत जे खरं म्हणजे दोघांनी काढलेले आहेत. काही जण सरळ पडद्याचं रेकॉर्डिंग लावतात आणि नंतर त्यातली एक चौकट निवडतात. ही निवड फार महत्त्वाची. शेकडो चौकटींतली हीच का, याचं उत्तर ज्याला देता येतं त्याचा डोळा तयार होतोय असं समजा.

आणखी एक गंमत. चौघांच्या चमूत जो आधी मरतो तो पुढे साथीदाराच्या पाठीमागून खेळ बघत बसतो. त्याचे हात मोकळे. चमूतले चांगले फोटो बरेचदा मेलेल्याने काढलेले असतात. (श्रोत्यांत हशा.) हसू नका, आम्ही ते मनापासून म्हणतोय. जिवंत माणसाला फोटोसाठी थांबणं परवडत नाही. निळं वर्तुळ आवळत येतं, थांबला तो गेला. त्यामुळे खेळाच्या मध्यावर काढलेल्या चांगल्या चित्रात एक जोखीम मुरलेली असते, ती लॉबीतल्या चित्रात कधीच येत नाही. एका चमूने पोचिंकी गावातल्या छपरावर चौघांना ओळीने बसवून फोटो काढला होता. तेवढ्यासाठी त्यांनी तो सामना घालवला. चित्रात चौघांच्याही नजरा चार दिशांना आहेत. ती काही पोज नाही. खरोखर चारी बाजूंनी कुणी येतंय का ते बघत होते.

पाठमोरेपणा ही अडचण आहे, तशी ती चित्रकाराच्या हातातली जुनी युक्तीही आहे. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिशचं १८१८ च्या सुमाराचं चित्र आहे, धुक्याच्या समुद्रापुढे खडकावर उभा असलेला माणूस. आपल्याला त्याची पाठच दिसते आणि म्हणून तो जे बघतोय ते आपण बघायला लागतो. इतकं लांब जायलाही नको. देहूहून निघालेली पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा आपल्याकडे जे फोटो निघतात त्यांतले चांगले आठवून बघा. डोक्यावर तुळस घेतलेली बाई, पाठमोरी, पुढे सगळा रस्ता. तोंड दिसलं असतं तर तो एका बाईचा फोटो झाला असता. पाठ दिसली म्हणून तो चालण्याचा फोटो झाला. गेमने पाठ लादलीय, तर तिचं काय करता येईल हा विचार करणारी मुलं आहेत. लादलेली अडचण विसरून जो तो कसंही करून तोंडच दाखवायला धडपडतो, हे आम्हाला खटकतं.

आता जरा नाजूक मुद्दा. बरेच मुलगे बाईचं पात्र घेऊन खेळतात. त्यांनी त्या पात्राचा फोटो स्टेटसला ठेवला की चिडवाचिडवी ठरलेली. ‘काय रे, पोरीचं कॅरेक्टर?’ मग तो मुलगा फोटो काढायचंच सोडतो, किंवा त्या पात्राला इतकं तोकडं नेसवतो की कुणाला शंका येऊ नये. दोन्ही वाईट. ज्या मराठी माणसांनी बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना याचं एवढं का वाटावं? नारायण श्रीपाद राजहंस. १९११ सालच्या ‘मानापमान’मधली भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. त्यांचे स्त्रीवेषातले फोटो बघा. शालू आहे, दागिने आहेत, श्रीमंती भरपूर आहे, बायकांनी त्यांच्या नेसण्याची नक्कल केली ती उगाच नव्हे. तरीही त्या फोटोत नजर शालूवर अडकत नाही. मान किती वळवली आहे, बोटं पदराशी काय करताहेत, यातून भामिनी दिसते. राजहंस दिसत नाहीत आणि नुसता शालूही दिसत नाही. ज्यांनी सुबोध भावेंचा २०११ चा सिनेमा बघितलाय त्यांना ही गोष्ट पटकन कळेल, कारण तिथे नटाच्या आत नट आहे.

भूमिकेचा फोटो आपल्याला परका नाही, असं आम्हाला यातून म्हणायचंय. पात्र बाई आहे म्हणून खेळणारा कोण, हा प्रश्नच गैरलागू. विचारायचं ते हे, की भूमिका उभी राहिली का.

बाहेरच्या जगात यावर काम झालंय ते थोडक्यात सांगतो. इव्हा आणि फ्रँको मॅटेस या जोडीने २००६ मध्ये ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन दुनियेतल्या पात्रांचे चेहरे टिपून, मोठ्या कॅनव्हासवर छापून, कलादालनात टांगले. तेरा सर्वांत सुंदर पात्रं, असं त्या मालिकेचं नाव. सगळे चेहरे देखणे, कारण तिथे देखणं होणं फुकट होतं. ते बघताना आम्हाला तरी काही वेळाने कंटाळा येतो, आणि बहुधा तो यावा अशीच त्यांची इच्छा असावी. दुसरं, रॉबी कूपर या छायाचित्रकाराचं २००७ चं पुस्तक, ‘आल्टर इगो’. डावीकडे खेळणारा माणूस, उजवीकडे त्याचं पात्र. हे पुस्तक अधिक ताकदीचं, कारण दोन फोटोंच्या मधल्या रेघेत सगळी गोष्ट घडते. आणि ‘फायनल फँटसी १४’ सारख्या गेमने तर खेळाडूंना आतमध्येच स्टुडिओ दिलाय, पात्र थिजवता येतं, दिवे लावता येतात. आपल्या मुलांकडे ते नाही. तिसरा हात आहे. त्यामुळे त्यांची चित्रं तुलनेत कच्ची दिसतात, ते मान्य. पण स्टुडिओ मिळाल्यावर तिथल्या चित्रांत जो एक गुळगुळीतपणा येतो तोही आम्ही पाहिलाय.

गुळगुळीतपणावरून एडिटचा मुद्दा. आपल्याकडे स्क्रीनशॉट निघाला की त्यावर धूर, ठिणग्या, पंख, मागे लाल आभाळ, आणि मध्ये चकाकणाऱ्या अक्षरांत नाव. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची ही धाकटी भावंडं. याविषयी आम्ही फार बोलणार नाही. एवढंच, की उंबऱ्यावर थांबलेल्या त्या चित्राला त्याच्या मित्राने पंख लावून दिले होते. पंख लावल्यावर तो कशाला थांबेल?

आता यात पणाला काय लागलंय ते बघू. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. लॉकडाऊनचं वर्ष. कंपन्या बंद, कॉलेजं बंद, या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं गावाकडे गेलेली. मित्र भेटायचे ते त्या बेटावरच. आणि एका रात्रीत ते बेट गेलं. पुढे २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुनी खाती हलवायची सोय झाली, पण सगळ्यांनी ती केली नाही, काहींचे फोनच बदलले होते. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही दुकानांतून काढला गेला, आणि २९ मे २०२३ ला परत सुरू झाला. म्हणजे तीन वर्षांत दोनदा हे जग मुलांच्या हातून निसटलं.

त्या काळात हातात काय उरलं? गॅलरीतली चित्रं. आणि इथे एक परीक्षा आपोआप झाली. ज्याच्याकडे फक्त लॉबीतले फोटो होते त्याच्याकडे मुदत संपलेल्या मालाच्या पावत्या उरल्या. तो पोशाख आता त्याचा नव्हता, आणि पोशाखाखेरीज फोटोत काही नव्हतं. ज्याच्याकडे छपरावरचे चौघे होते त्याच्याकडे २०२० चा लॉकडाऊन उरला. त्या चौघांपैकी एक आता चाकणला तिन्ही पाळ्यांत फिरतो, एक पुणे सोडून गेला. चौघं प्रत्यक्ष एका छपरावर कधी बसले नव्हते. त्यांचा एकत्र असा दुसरा फोटो नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की हे नुकसान खरं आहे. चित्रं स्टेटसला टाकली जातात, चोवीस तासांत जातात. त्यावर प्रतिक्रिया एकच येते, ‘ड्रेस कितीला?’ ज्या चित्रात साधा शर्ट आहे त्यावर प्रतिक्रियाच येत नाही. मग डोळा असलेल्या मुलाला वाटतं आपल्या चित्रात काही नाही, आणि तो एकतर पैसे घालतो किंवा चित्र उडवून टाकतो. उंबऱ्याचं ते चित्र आम्हाला मिळालं तेव्हा काढणाऱ्याने ते आधीच उडवलं होतं. मित्राच्या व्हॉट्सॲपवर होतं, म्हणून वाचलं. बारीक झालेलं, दाणे दिसतात, पण वाचलं.

पुण्यातल्याच सुपरगेमिंग या कंपनीचा ‘इंडस’ हा गेम १६ ऑक्टोबर २०२४ ला आला. त्यात नकाशा आपल्याकडच्या कल्पनेतून रचलेला आहे, पात्रांना इथली नावं आहेत. चांगलं आहे. पण इथली नक्षी असलेला पोशाख हाही पोशाखच. त्या पात्राला कुठे उभं करायचं हे काम रहाटणीतल्या मुलालाच करावं लागणार.

वेळ होत आला. मागे बसलेल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: ‘मुलगा असे फोटो दाखवतो, मला त्यातलं काही कळत नाही, काय बोलू?’ ताई, गेम कळायची गरज नाही. दिवाळीत त्याच्या किल्ल्यापुढे उभं राहून तुम्ही जे विचारत होता तेच विचारा. हा इथे का उभा आहे? हा कुणाकडे बघतोय? त्याला सांगता आलं तर ऐका. नाही सांगता आलं तर तोच पुन्हा एकदा फोटोकडे बघेल.

रात्रपाळी असलेल्यांनी निघालं तरी चालेल. बाकीच्यांनी फोन आणले आहेत ना? एकेक जण पुढे या, एकच चित्र दाखवायचं. पोशाखाची किंमत सांगायची नाही, एवढीच अट. तो खिडकीजवळचा दिवा तेवढा बंद करा कुणीतरी, पडद्यावर उजेड येतोय. हं, द्या पहिला फोन.